पडद्याच्या अलीकडे

समाधी दिसेनाशी झाली, की समजा पोचलात.

आत्ता क्षणापूर्वी तुम्ही कराडच्या प्रीतिसंगमावर होतात. यशवंतरावांच्या समाधीपुढं शाळेची सहल रांगेनं उभी होती, मागं भेळेच्या गाड्यांवर कांदा चिरला जात होता. आता समाधी नाही. असणार कशी? ज्यांची ती, ते दिल्लीत देशाचं अर्थखातं सांभाळताहेत. जानेवारी १९७२ आहे, पहिला आठवडा. नद्या तेवढ्या जागच्या जागी आहेत. कृष्णा आणि कोयना अजूनही समोरासमोर येऊन भेटतात, आणि भेट झाली की दोघी मिळून पूर्वेकडं वळतात. घाटावर धुणं आपटणाऱ्या बायांनी तुमच्याकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा धुण्यात लक्ष घातलं. पालच्या खंडोबाची यात्रा नुकतीच झालीय. कपाळावर, टोपीवर, अगदी कानाच्या पाळीवरही भंडारा घेऊन हिंडणारी माणसं गावात आहेत. त्यांच्यात तुमची विजार काही फार उठून दिसत नाही.

एक करा, खिशातलं दहा रुपयांचं नाणं बाहेर काढू नका. भोवती पिवळं, मध्ये पांढरं असं नाणं इथं कुणी पाहिलेलं नाही. लोक देवाचा टाक समजतील.

घाटाच्या पायऱ्या चढून तुम्ही गावात शिरता. उसाच्या गाड्यांनी रस्ता अडलाय. बैलांच्या घुंगरांचा आवाज, वाटेत पडलेलं कांडं पळवणारी पोरं, त्यांच्यामागं गाडीवानाची शिवी. चावडी चौकाच्या बाजूनं हलगी वाजते. हलगीच्या वर एक क्लॅरोनेट चढलाय, आणि वाजवणाऱ्याचा एक दात पडला असावा, कारण वरच्या सुरापाशी थोडी हवा निसटते. पण सूर सुटत नाही.

एक टांगा येतो. टांग्याच्या दोन्ही अंगांना रंगवलेले फलक बांधलेत. फलकावर रुंद तोंडाचा, भोळसट डोळ्यांचा एक गडी, गुडघ्यापर्यंत चड्डी आणि चड्डीची नाडी लोंबती. रंगाऱ्यानं नाडी फार मन लावून काढलीय. नाकाकडं त्याचं लक्ष नव्हतं. वर मोठ्या अक्षरांत ‘सोंगाड्या’. टांग्यात हलगीवाला पोरगा, कर्ण्यात तोंड घालून ओरडणारा दुसरा पोरगा आणि मागं पाय सोडून बसलेला क्लॅरोनेटवाला. साठीचा असेल. अंगात बँडवाल्यांचा लाल कोट, खांद्यावरची झालर एकाच बाजूला शिल्लक. खाली धोतर.

टांगा थांबला की कर्णा सुरू होतो, कर्णा थांबला की क्लॅरोनेट. घोडा मात्र दोन्हींना कंटाळलाय.

तुम्ही टक लावून बघता, तसा म्हातारा ओठावरून क्लॅरोनेट काढतो.

“काय पावनं, कुनाचं म्हनायचं?”

“पिक्चर बघायला आलोय.”

“मग रातच्याला या. दिवसा फकस्त आमीच दिसतो.”

चहाच्या गाडीवर तो तुम्हाला आपण होऊन सगळं सांगतो. सांगायची हौस आहे आणि ऐकणारा नवा आहे. वीस-बावीस वर्षं एका तमाशाच्या फडात काढली. गण, गवळण, बतावणी, वग, पहाटेपर्यंत. मग फडमालक कर्जात बुडाला. कनात गेली, पेटी गेली, बैलगाड्या गेल्या. लग्नाच्या बँडात शिरला. तिथं तरण्या पोरांना हिंदी गाणी लागतात आणि ती दर महिन्याला बदलतात. “माझ्या बोटांस्नी एक गानं बसायला म्हैना लागतो. तवर ते जुनं हुतं.” गेल्या दिवाळीपासून तंबूवाल्याकडं आहे. दिवसा टांग्यावर बसून पिक्चरची हाळी द्यायची, रात्री दारात दोन चिजा वाजवायच्या, मग आत जाऊन फुकट पिक्चर बघायचं. “साठीला नवं काम लागलं बघा,” असं म्हणून तो एवढा हसतो की बशीतला चहा धोतरावर सांडतो.

पुढच्या काळातून आलेल्यानं इथं जास्त बोलायचं नसतं. ही बंदी पाळणं आता तुम्हाला अवघड जातं. कारण फलकावरच्या त्या गड्याबद्दल तुम्हाला या म्हाताऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कृष्णा कोंडके, जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईतल्या नायगावचा. मूळ भोरकडचा गिरणीकामगाराचा मुलगा. लोक दादा म्हणतात. नट व्हायच्या आधी तो वाजवणारा होता, सेवादलाच्या बँडमधला. तिथून कलापथक, मग स्वतःचं लोकनाट्य. वसंत सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं आणि १९६५पासून ते असं चाललं की प्रयोगांची संख्या हजारावर गेली. संहिता सबनीसांची, पण दादांची जीभ रोज नवी. सकाळच्या वर्तमानपत्रातलं रात्री वगात यायचं. तेच लोकनाट्य पुन्हा पुन्हा बघायला लोक यायचे ते काल काय म्हणाला आणि आज काय म्हणतो याच्यासाठी. १९६९ साली भालजी पेंढारकरांनी ‘तांबडी माती’त पडद्यावर आणलं. आणि मग स्वतःच निर्माता व्हायचं धाडस. लेखक पुन्हा सबनीस, दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, सोबत उषा चव्हाण, निळू फुले, गणपत पाटील. हिंदीवाले रंगाच्या डबक्यात लोळत असताना हा काळापांढरा. गाव, शेत, ओटा आणि एक तमाशाची कनात, एवढ्यावर भागवलेलं. ते ‘सोंगाड्या’, १९७१.

तुम्ही एवढंच म्हणता, “हे दादा आधी बँडमध्ये होते म्हणे.”

म्हातारा बशी खाली ठेवतो. “ते म्हाईत हाय. तंबूवाला सांगत हुता. म्हनून तर वाजवताना माझी मान ताठ असती.” मग फलकाकडं बघून, “पर गडी पोरगा दिसतुया व्हय? माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा हाय. चड्डी घालून आयेला हाका मारतुया.”

हिशोब बरोबर आहे. सिनेमा आला त्या वर्षी दादा एकोणचाळीस वर्षांचे झाले. या वयात नट बापाच्या भूमिका मागायला लागतात. यांनी चड्डी घातली.

रात्री कोल्हापूर नाक्याकडं मोकळ्या जागेत तंबू पेटतो. पेटतो म्हणजे जनित्र सुरू होतं आणि दोन बल्ब लागतात. तिकिटाच्या खिडकीला मात्र कंदील आहे, प्रभाकर छापाचा, ओगलेवाडीचा. कराडचं रेल्वे स्टेशनही तिथंच, गावापासून लांब. मिरजेकडचे रूळ नुकतेच रुंद झालेत. पिक्चरच्या पेट्या मात्र अजून एसटीच्या टपावरूनच येतात आणि कधी कधी कोंबड्यांच्या खुराड्याखाली सापडतात. तुमच्याकडं चालणारं नाणं नाही हे म्हाताऱ्यानं ओळखलंय. “माझा मानूस हाय,” एवढंच तो दारातल्या पोराला सांगतो.

रांगेत दोघांचा वाद चाललाय. एकाचं म्हणणं, सोंगाड्या बघायचा तर सांगलीजवळच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा. दोघं जुळे भाऊ, ‘जहरी प्याला’त दोन हवालदार म्हणून उभे राहिले की कुठला खरा तेच कळत नाही. त्यांच्यापुढं पडद्यावरचं चित्र काय करणार? दुसरा म्हणतो, काळू-बाळूंच्या कनातीत बायकोला नेता येत नाही, इथं आणलीय. हा मुद्दा निर्णायक ठरतो.

आत मध्ये आडवी कनात. डावीकडं बाया, उजवीकडं बाप्ये. खाली वाळू, कुणी पोतं आणलंय, कुणी घोंगडं. शेंगांची टरफलं कालच्या खेळाची, आजची त्यावर. तुम्ही म्हाताऱ्याशेजारी प्रोजेक्टरजवळ बसता. यंत्र एकच आहे. दर रीळ संपलं की उजेड, शिट्ट्या, आणि ऑपरेटरच्या घराण्याचा उद्धार.

आधी सरकारी वार्तापट. ढाक्याच्या शरणागतीची चित्रं. लढाई संपून तीनच आठवडे झालेत. तंबू टाळ्या वाजवतो. मग कुठल्याशा बैठकीत, कडेच्या खुर्चीवर क्षणभर यशवंतराव दिसतात, आणि आताच्या टाळ्या मघाच्यापेक्षा मोठ्या. “आपलं सायेब!” एक आजोबा कनातीपलीकडल्या आजीला ओरडून सांगतात, जणू तिला दिसलंच नसेल.

जनित्र मधेच घरघरतं, जमीन थोडी थरथरते. तुमच्या लक्षातही आलं नसतं. पण आसपासच्या चार-पाच हातांनी एकदम वाळूवर पंजा टेकलाय. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्याला चारच वर्षं झालीत. हात जमिनीची नाडी बघतात, खात्री करतात, आणि पुन्हा शेंगांकडं वळतात. कुणी त्याबद्दल बोलत नाही.

सिनेमा सुरू होतो. आईच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा नाम्या. आई रत्नमाला. नाम्या तमाशा बघायला जातो आणि तिथलाच होऊन बसतो. गोष्ट एवढीच. कृष्णाकाठाला ती नवी नाही. इथून नदीच्या काठानं खाली गेलं की रेठरे हरणाक्ष. तिथल्या कुलकर्ण्यांचा श्रीधर घर सोडून तमाशात गेला, पठ्ठे बापूराव झाला, लावण्यांचे ढीग लिहिले, शाहू महाराजांपुढं उभा राहिला आणि १९४५ साली पुण्यात हलाखीत गेला. म्हाताऱ्यानं पोरवयात त्यांना एकदा लांबून पाहिलंय, असं तो म्हणतो. प्रत्येक तमासगीर हे म्हणतो, खरंही असेल. फरक असा की बापूरावांच्या गोष्टीवर कुणी हसलं नाही. दादा आणि सबनीसांनी तीच गोष्ट उचलली आणि तिला चड्डी घातली.

आणि लोक हसतात. कसे हसतात ते बघण्यासाठीच तुम्ही इतक्या लांब आलात, तेव्हा पडदा सोडा आणि माणसं बघा. पुढं काही वर्षांनी पुण्यामुंबईचे शहाणे दादांच्या नावानं नाक मुरडतील, सेन्सॉरशी त्यांच्या झटापटी होतील, द्वयर्थीपणावर लेख पडतील. त्यातलं सगळंच खोटं असेल असं नाही. नंतरचे काही विनोद मलाही शिळ्या भाकरीसारखे लागतात. पण त्या लेखकांपैकी कुणी या कनातीच्या डाव्या बाजूला बसलेलं नव्हतं. बाया तोंडाला पदर लावून सुरुवात करतात आणि तिसऱ्या रिळापर्यंत पदर खांद्यावर. कारण तो गडी मिशीवर ताव देत नाही, हुकूम सोडत नाही, कशालाही घाबरतो आणि घाबरला की ‘आये’ म्हणून ओरडतो. असा बाप्या त्यांनी पडद्यावर पाहिला नव्हता. घरी, बहुधा, पाहिला होता.

आई नाम्याला दाराबाहेर काढते तेव्हा तंबू गप्प होतो. म्हातारा पुटपुटतो, “माझ्याबी आयेनं असंच दार लावलेलं. फरक येवढाच, तवा समोर बसून बघायला कुनी न्हवतं.”

गाणं सुरू झालं की तो सावरून बसतो. संगीत मिरजेच्या राम कदमांचं. “वाद्यांच्या गावचा मानूस,” तो सांगतो. मिरजेला सतारी-तंबोरे घडतात, अब्दुल करीम खाँसाहेब तिथं राहिले; त्या हवेतला माणूस ढोलकीला कुठं ओढायचं आणि कुठं सोडायचं ते जाणतो, असं त्याचं मत. तुम्हाला अजून एक माहीत आहे आणि तेही गिळावं लागतं. अजून तीन महिन्यांनी, मार्च संपता संपता, शांतारामबापूंचा ‘पिंजरा’ येणार आहे. संगीत याच राम कदमांचं. अनेक वर्षं सिनेमांना चाली देत आलेल्या या माणसाचं नाव पन्नाशी उलटल्यावर घरोघर जाणार आहे. शेजारी साठीचा क्लॅरोनेटवाला बसलेला असताना ही बातमी पोटात ठेवणं सोपं नाही.

म्हाताऱ्याची बोटं मांडीवर चालताहेत. हा सिनेमा तो तिसऱ्यांदा बघतोय, आणि मधेच तुमच्या कानाशी तोंड आणून तक्रार करतो. “काल बी ह्याच ठिकानी हेच बोलला. परवा बी. उद्या बी हेच बोलनार. सोंगाड्यानं असं करायचं नसतं.”

ही तक्रार दादांच्या कानावर गेली असती तर त्यांना पटली असती. ज्याचं सगळं नाव रोज नवं बोलण्यावर उभं राहिलं, त्यानं एकदाच बोलायचं आणि ते हजार गावांत तसंच ऐकू यायचं, या बोलीवर सिनेमा केला. त्या बदल्यात काय मिळालं हे ठाऊक आहेच. मुंबईत दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली गेली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मधे पडले आणि सिनेमा लागला, ही कथा आता महाराष्ट्रभर सांगितली जाते. पुढं एकामागून एक नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालतील आणि नाव गिनीज बुकात जाईल. सगळं खरं. पण आज रात्री कराडला एका क्लॅरोनेटवाल्याची तक्रार आहे, आणि ती नोंदवून घ्यायला तुमच्याशिवाय कुणी नाही.

पडद्यावर उषा चव्हाण नाचायला उभी राहते. ढोलकी कडाडते. पुढच्या रांगेतून कुणीतरी पहिलं नाणं भिरकावतं. पडद्यावर टप्, वाळूत थप्प. मग दुसरं. मग पाऊसच. फेट्यातून, कनवटीतून, धोतराच्या सोग्यातून पाच-दहा पैशांची नाणी निघतात आणि पांढऱ्या कापडावर आदळतात. नाचणारीचा पाय थांबत नाही, मान लवत नाही. तिला काही पोचलेलंच नाही. तुमचाही हात खिशात जातो. नको म्हणून सांगितलं होतं. पण अशा वेळी कोण ऐकतं?

आणि मग ते होतं.

म्हातारा उभा राहतो. प्रोजेक्टरचा झोत त्याच्या डोक्यावरून जातो, आणि त्याच्या विरळ केसांची सावली पडद्यावर, बरोब्बर निळू फुल्यांच्या जागी. वीस वर्षांची सवय बोलते. फडात दौलतजादा आली, की देणाऱ्याचं नाव पुकारून मुजरा करायचा असतो. पैसा गुमान उचलला तर तो चोरीचा.

“अरं, पाटलाचा रुपाया आला हो!” त्याचा आवाज खणखणीत निघतो, दाताची फट आता सुरातच आहे. “मुजरा घ्या पाटील! पन रुपाया फेकला त्यो पडद्याला लागला. पडदा घेतोय, देतोय काय? पाटील, घरी असंच चालतंय व्हय?”

कनातीच्या डाव्या बाजूनं पहिला हशा येतो. बहुधा पाटलीणबाईच. मग सगळा तंबू. पुढं अर्धं मिनिट पडद्यावरचे दादा काय बोलले ते कुणालाही ऐकू येत नाही. ते बोलत राहतात. थांबायची सोय नाही. म्हातारा त्यांना उत्तरं देतो. पडद्यावरून एक वाक्य, वाळूवरून एक, हलगीवाला पोरगा मागून थाप देतो, आणि थोडा वेळ असा येतो की कोण कुणाच्या वगात शिरलंय ते कळेनासं होतं. मग रीळ संपतं. बल्ब लागतात. म्हातारा लाल कोटात, एका खांद्याच्या झालरीसह, दोनेकशे माणसांसमोर उघडा पडतो आणि मटकन खाली बसतो.

खेळ सुटल्यावर तंबूवाल्यानं त्याला बोलावलं. तुम्ही लांब उभे राहा, पण ऐका. एक पोरगा कंदील घेऊन वाळूत नाणी वेचतोय. तंबूवाला आधी तापतो: पिक्चर चालू असताना उभं राहायचं नाही एवढंही कळत नाही का, पब्लिकनं पैसे दादांचे दिलेत. मग जरा थांबतो. आज नाणी किती पडली ते पोराला विचारतो. पोरगा टोपी उलटी करून दाखवतो. तंबूवाला टोपीकडं बघतो, म्हाताऱ्याकडं बघतो, पुन्हा टोपीकडं.

“उद्यापास्नं रोज करायचं.”

“काय?”

“हेच. ह्याच गान्याला. रुपाया पडला की उठायचं, आज जे बोललास तेच बोलायचं. एक शबुद हिकडंतिकडं न्हाई.”

म्हातारा बराच वेळ काही बोलत नाही. क्लॅरोनेटची पात काढतो, धोतराला पुसतो, पुन्हा बसवतो.

“रोज त्याच ठिकानी तेच बोललो, तर मीबी पिक्चरच झालो की मालक.”

“मग?”

“मग आठ आने वाडवून द्या. दादाला कुठं फुकट मिळतंय?”

चार आण्यांवर सौदा तुटतो. पोरगा कंदील वर धरून नाणी मोजायला लागतो आणि मधेच अडतो. एक नाणं चिमटीत धरून फिरवतो, दातानं चावतो, म्हाताऱ्याकडं देतो. भोवती पिवळं, मध्ये पांढरं. म्हातारा ते उजेडाजवळ नेतो, डोळे बारीक करतो, मग मान वळवून अंधारात तुम्हाला शोधतो.

“पावनं,” तो हाक मारतो, “उद्या बी या. रुपाया टाकायला मानूस लागनार. फकस्त चालनारा आना.”